'घर माझं आहे, कुणाला ठेवायचं ते मी ठरवीन' : होमस्टे, आडनाव आणि बाबासाहेबांची व्याख्या

कोकणात, महाबळेश्वरला, गोव्यात, अगदी पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही आता घरातल्या दोन खोल्या रात्रीच्या भाड्याने देण्याचा धंदा जोरात आहे. कुणी त्याला होमस्टे म्हणतं, कुणी बी अँड बी म्हणतं. सरकार यासाठी योजना काढतं, नोंदणी करून घेतं, प्रमाणपत्र देतं. खोली केवढी असावी, संडास-बाथरूम कसं असावं, पाहुण्याचं ओळखपत्र कसं तपासावं, परदेशी पाहुणा आला तर चोवीस तासांत त्याची माहिती कशी कळवावी, हे सगळं नियमांत आहे. या विषयावर इंटरनेटवर जे लेख दिसतात तेही एवढंच सांगतात : परवाना कुठे मिळेल, जीएसटी कधी लागेल, सोसायटीची हरकत कशी टाळावी.

आपला प्रश्न वेगळा आहे. खोली रिकामी आहे, भाडं द्यायची तयारी आहे, आणि आडनाव ऐकून मालक 'बुकिंग फुल्ल आहे' म्हणाला, तर कायदा काय म्हणतो? आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांना वाटतं की काहीच म्हणत नाही, कारण घर त्याचं आहे. हा समज चुकीचा आहे. आणि तो चुकीचा का, हे समजायला थोडा इतिहास बघावा लागतो. या इतिहासाच्या जवळपास प्रत्येक वळणावर बाबासाहेब उभे आहेत.

सुरुवात १८६७ पासून करू. त्या वर्षी इंग्रज सरकारने सराई आणि पडावांसाठी कायदा केला, १८६७ चा बावीसावा कायदा. प्रवाशांना निवाऱ्यासाठी वापरली जाणारी कोणतीही इमारत म्हणजे सराई, अशी त्यात व्याख्या आहे. पुढे असंही म्हटलंय की इमारतीचा फक्त काही भाग या कामासाठी वापरला जात असेल, तर तेवढा भाग सराई धरावा. म्हणजे घरातली एखादी खोली प्रवाशांना देणं ही एअरबीएनबीने शोधून काढलेली नवी गोष्ट नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्याला ती माहीत होती.

त्या कायद्याने सराईवाल्याची कर्तव्यं घालून दिली. मॅजिस्ट्रेटकडे नोंदणी करायची. कुणाला साथीचा रोग झाला किंवा त्यात कुणी मेलं तर पोलीस ठाण्याला लगेच कळवायचं. खोल्या, ओसरी, गटारं, विहिरी साफ ठेवायच्या. चोराला चढता येईल अशी झाडं तोडायची. भिंती-दरवाजे दुरुस्त ठेवायचे, पहारेकरी नेमायचा, दरपत्रक लावायचं. यादी वाचताना लक्षात येतं की सरकारला दोनच भीती होत्या : रोगराई आणि चोर. दारात आलेल्या प्रवाशाला जातीवरून परत पाठवायचं नाही, हे त्या यादीत नाही.

इंग्रजांना हे तत्त्व माहीतच नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. त्यांच्या स्वतःच्या देशात जुना, रूढ कायदा होता : खाणावळ-मुक्काम चालवणाऱ्याने, जागा असेल तर, भाडं द्यायला तयार असलेल्या प्रवाशाला योग्य कारणाशिवाय नाकारायचं नाही. वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन याला १९४३ मध्ये लंडनच्या इम्पिरियल हॉटेलने त्याच्या रंगामुळे खोली नाकारली. तो याच जुन्या कायद्याच्या आधारावर कोर्टात गेला आणि १९४४ मध्ये जिंकला. भरपाई मिळाली पाच गिनी, म्हणजे नावालाच. पण कायदा होता म्हणून दावा तरी उभा राहिला. हिंदुस्थानच्या सराईंसाठी कायदा लिहिताना साहेबाने आपल्या घरचं झाडलोटीचं आणि पोलिसांचं सगळं आणलं. दार उघडं ठेवण्याचं कलम तेवढं बोटीवरच राहिलं.

हे कलम नसल्याचा अर्थ काय होतो, ते १९१७ साली वडोदऱ्यात दिसलं.

तो प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, पण तो साधारणपणे अपमानाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला तो इथे मुक्कामाच्या कायद्याचं प्रकरण म्हणून वाचायचा आहे. कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेला पंचविशीतला तरुण संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला वडोदऱ्याला उतरतो. कुठे राहायचं, हाच पहिला प्रश्न. हिंदूंच्या हॉटेलात जात सांगून जागा मिळणार नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. जात लपवून राहावं, तर ती उघड झाल्यावर काय होईल हेही माहीत आहे. म्हणून तो पारशांच्या मुसाफिरखान्याकडे वळतो. बाबासाहेबांनी हे स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींच्या टिपणात लिहून ठेवलं आहे. तिथला रखवालदार त्यांना खोली दाखवतो, पण अंगात सदरा-कस्ती नाही हे बघून सांगतो की जागा फक्त पारशांसाठी आहे. शेवटी तोडगा निघतो : रोजचं दीड रुपया भाडं, आणि नोंदवहीत पारशी नाव लिहायचं.

नोंदवहीत नाव लिहिण्याचा हा तपशील महत्त्वाचा आहे. नोंदवही ठेवायला कायदा किंवा संस्था सांगते ती ओळख आणि हिशेबासाठी. पण व्यवहारात नोंदवही गाळणीचं काम करते. नाव लिहा म्हणजे जात कळेल. बाबासाहेबांसारख्या माणसालाही त्या गाळणीतून जाण्यासाठी दुसऱ्याचं नाव घ्यावं लागलं. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले, मुसाफिरखाना बाटवला म्हणून ओरडले आणि संध्याकाळपर्यंत चालतं होण्याचा हुकूम देऊन गेले. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. बाग आणि मग रात्रीची मुंबईची गाडी, एवढंच उरलं. राजाचा शिष्यवृत्तीधारक, संस्थानचा अधिकारी, खिशात भाड्याचे पैसे. आणि शहरात एक खोली नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण या प्रसंगावरून पारशी समाजाला शिव्या घालणाऱ्या पोस्ट फिरत असतात. रखवालदाराचा पहिला आक्षेप 'तुम्ही पारशी नाही' हा होता. तो कुणाही बिगरपारशाला लागू होता. काठ्या घेऊन आलेल्यांचा आक्षेप मात्र अस्पृश्याने जागा बाटवली हा होता. म्हणजे जातीबाहेर असलेल्या धर्माच्या लोकांनीही या देशात राहून अस्पृश्यता उचलली होती. बाबासाहेबांनी स्वतः त्या प्रसंगातून हाच धडा काढला. कायद्याच्या भाषेतही हे दोन आक्षेप वेगळे आहेत आणि पुढे हा फरक कामाला येणार आहे.

१९२३ साली, ऑगस्टच्या चार तारखेला, मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. आपण तो महाडमुळे लक्षात ठेवतो : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. पण ठरावात पाणवठ्यांबरोबर धर्मशाळाही होत्या. सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कोर्टकचेऱ्या, सगळ्यांचा त्यात उल्लेख होता. पाण्याचा भाग चवदार तळ्यावर कसोटीला लागला आणि इतिहास झाला. धर्मशाळेचा भाग तसा कुणी लढवून पाहिला असता तर काय झालं असतं, हा विचार मनात येतो. ठरावाची मर्यादाही दिसते : खासगी माणसाची खानावळ, लॉज, भाड्याची खोली त्याच्या बाहेर होती.

लढाई न झालेल्या जागी समाजाने स्वतःची सोय उभी केली, हेही विसरायला नको. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढलं. पंढरपूरला दूरवरून येणाऱ्या आपल्या लोकांसाठी गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. अमेरिकेतही हेच घडलं. काळ्या प्रवाशांना कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, याची माहिती देणारं 'ग्रीन बुक' हे पुस्तक व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या पोस्टमनने १९३६ पासून छापायला सुरुवात केली. त्यात हॉटेलांबरोबर 'टूरिस्ट होम' म्हणून काळ्या कुटुंबांची घरं असत, जिथे एखादी खोली प्रवाशाला भाड्याने मिळे. आज ज्याला होमस्टे म्हणून मिरवलं जातं, त्याचा एक जन्म असा नकारातून झाला आहे.

आता १९३० कडे येतो. लेखातला सर्वांत कमी वाचला गेलेला दस्तऐवज हाच आहे.

पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची योजना मांडली. आपण त्यातलं प्रतिनिधित्व, मतदारसंघ, नोकऱ्या यांबद्दल बोलतो. पण त्यात एक फौजदारी कलमही सुचवलेलं आहे. मुसाफिरखाने, शिक्षणसंस्था, रस्ते, विहिरी, वाहनं, नाटकगृहं अशा ज्या जागा जनतेसाठी अर्पण केलेल्या, जनतेसाठी चालवलेल्या किंवा जनतेच्या वापरासाठी परवाना दिलेल्या आहेत, त्यांचा पूर्ण उपभोग जो कुणी दुसऱ्याला त्याच्या पूर्वीच्या अस्पृश्यतेमुळे नाकारील, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. यादीत पहिलं नाव मुसाफिरखान्याचं आहे. वडोदरा तेव्हा तेरा वर्षं मागे पडलं होतं, पण विसरलं गेलं नव्हतं, असं मला वाटतं.

हे कलम बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या गुलामगिरी संपल्यानंतरच्या नागरी हक्क कायद्यांवरून घेतलं होतं, आणि त्यांनी तसं सांगितलंही आहे. त्यातला मुख्य कायदा १ मार्च १८७५ चा. गंमत अशी की तो कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्येच रद्द केला होता. कारण दिलं की घटनेची चौदावी दुरुस्ती राज्यांना भेदभावापासून रोखते, खासगी हॉटेलवाल्याला नाही. म्हणजे अमेरिकेत जे कलम मेलं होतं, ते बाबासाहेबांनी १९३० मध्ये हिंदुस्थानसाठी पुन्हा उभं केलं. ज्या कारणाने ते मेलं, ते कारणही त्यांनी आपल्याकडे शिल्लक ठेवलं नाही. आपल्या संविधानाच्या कलम १५ चा दुसरा भाग सरकारपुरता नाही. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा यांत प्रवेशाच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणत्याही नागरिकावर बंधन येणार नाही, असं ते म्हणतं. ते बंधन घालणारा तहसीलदार असो की लॉजचा मालक.

२९ नोव्हेंबर १९४८ ला या कलमावर संविधान सभेत चर्चा झाली. मद्रासचे दलित सभासद एस. नागप्पा यांनी व्यवहारी माणसाचे प्रश्न विचारले. दुकान म्हणजे काय? न्हावी, धोबी यांचा धंदा त्यात येतो का? बाबासाहेबांनी उत्तर देताना दुकान या शब्दाची जी व्याख्या केली ती प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : जिथे मालक येणाऱ्या कुणालाही आपली सेवा द्यायला तयार आहे, ती जागा म्हणजे दुकान. फक्त आत शिरण्याचा हा प्रश्न नाही, अटी मान्य असतील तर सेवा मिळण्याचा आहे. डॉक्टरचा दवाखाना, वकिलाची खोली, सगळं त्यात येईल, कारण हा शब्द आपण सर्वसाधारण अर्थाने वापरतो आहोत. २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या याच उत्तराचा आधार घेतला आणि खासगी शिक्षणसंस्थेलाही या कलमाच्या कक्षेत आणलं.

ही व्याख्या होमस्टेला लावून बघा. मालक काय करतो? खोलीचे फोटो काढतो, दर लिहितो, ॲपवर टाकतो, जगातल्या कुणालाही बुकिंगचं बटण दाखवतो. येणाऱ्या कुणालाही सेवा द्यायला तयार असल्याची याहून मोठी जाहिरात ती कोणती? त्या क्षणी ती खोली कलम १५ च्या भाषेत दुकान झाली. स्वयंपाकघर त्याचं आहे, देवघर त्याचं आहे, भाड्याला लावलेली खोली मात्र आता निव्वळ 'माझं घर' राहिलेली नाही.

संविधानातल्या तत्त्वाला १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने दात दिले. १९७६ ची दुरुस्ती झाल्यावर तोच नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. त्यात 'हॉटेल' या शब्दात बोर्डिंग हाऊस, लॉजिंग हाऊस, कॉफी हाऊस, कॅफे सगळं येतं. (मराठीत आपण चहाच्या टपरीलाही हॉटेल म्हणतो आणि पंचतारांकित इमारतीलाही, निदान इथे कायदा आपल्या बोलीच्या जवळ आहे.) लॉजिंग हाऊस म्हणजे पैसे घेऊन मुक्कामाला जागा देणारं घर. किती खोल्यांचं, याची कुठेही अट नाही. मालक त्याच घरात राहत असेल तर सूट, असंही कुठे लिहिलेलं नाही. कलम ४ मध्ये हॉटेलाबरोबर धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांची नावं घेतली आहेत, आणि जनतेला किंवा 'जनतेच्या एखाद्या घटकाला' खुल्या असलेल्या जागांनाही ते लागू आहे. मुसाफिरखाना हा शब्द वाचला की मला वडोदरा आठवतंच. कलम ६ आणखी रुंद आहे : नेहमीच्या धंद्यात इतरांना ज्या अटींवर सेवा देता, त्याच अटींवर ती अस्पृश्यतेच्या कारणाने नाकारली तर तो गुन्हा.

इथे अमेरिकेची तुलना करायलाच हवी. २ जुलै १९६४ ला तिथे नागरी हक्क कायदा झाला आणि हॉटेल-मोटेलांतला वर्णभेद बेकायदा ठरला. अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या एका मोटेलने त्याला आव्हान दिलं आणि त्याच डिसेंबरात ते सर्वोच्च न्यायालयात हरलं. पण त्या कायद्यात एक खिडकी मुद्दाम उघडी ठेवली होती. जिथे भाड्याच्या खोल्या पाचपेक्षा जास्त नाहीत आणि मालक स्वतः तिथेच राहतो, अशा घराला कायदा लागू नाही. चर्चेत या मालकिणीला 'मिसेस मर्फी' हे नाव पडलं : एक काल्पनिक विधवा, जी पोटासाठी घरात भाडेकरू ठेवते आणि जिला 'आपल्या घरात' नको असलेला माणूस घेण्याची सक्ती करू नये. सहानुभूती मिळावी म्हणून बाई गरीब आणि म्हातारी निवडली होती. सवलत मात्र ठणठणीत वर्णद्वेष्ट्यालाही मिळाली.

भारताच्या 'इन्क्रेडिबल इंडिया' बेड अँड ब्रेकफास्ट योजनेत घरमालकाने तिथे राहायचं आणि जास्तीत जास्त सहा खोल्या द्यायच्या, अशी रचना आहे. मिसेस मर्फीच्या घराचाच जवळपास आकार! अमेरिकेने ज्या आकाराच्या घराला भेदभावाची मोकळीक दिली, तशा घराला आपल्या १९५५ च्या कायद्याने दिली नाही. या एका बाबतीत आपला कायदा अमेरिकेच्या पुढे आहे. आणि आपल्यालाच ते माहीत नसतं.

मग होमस्टेवाल्यांचा बचाव कुठून येतो? दोन ठिकाणांहून. पहिला, घर की धंदा हा खेळ. अनेक राज्यांची धोरणं अशा घरांना व्यापारी धरत नाहीत, वीज-पाणी घरगुती दराने देतात. लहान कुटुंबाला उत्पन्न मिळावं हा हेतू चांगला आहे, माझा त्याला विरोध नाही. कोकणातल्या आपल्या बौद्धवाड्यांतल्या कुटुंबांनीही या योजना घ्याव्यात असं मी सांगत असतो. पण सवलतीसाठी घर, भाड्यासाठी हॉटेल, आणि नाकारण्यासाठी पुन्हा घर, असं तिहेरी सोंग चालणार नाही.

दुसरा बचाव २००५ च्या निकालाचा. अहमदाबादच्या झोरास्ट्रियन सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांना देण्याची पोटनियमातली अट मान्य केली. त्या निकालावर मला गंभीर आक्षेप आहेत. शहरं जाती-धर्माच्या कुंपणांत वाटली जायला त्याने बळ दिलं. पण तो निकाल सोसायटीचं सभासद कुणाला करावं याबद्दल आहे. त्याच इमारतीतला फ्लॅट उद्या कुणी रात्रीच्या भाड्याने ॲपवर टाकला, तर तो संघटना करण्याच्या हक्काचा विषय राहत नाही. वर वडोदऱ्याच्या दोन आक्षेपांत फरक केला तो याचसाठी. 'ही जागा फक्त आमच्या समाजाची' असं जो सगळ्यांनाच सांगतो, त्याच्याशी वेगळा वाद आहे. जगाला दार उघडून दलिताला बंद करतो, त्याला या वादात लपता येणार नाही.

कायदा इतका स्पष्ट असून नकार चालूच आहेत, हे तुम्हालाही माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी २० मार्चच्या कार्यक्रमासाठी आम्ही मुलामुलींचा गट घेऊन रायगड जिल्ह्यात जाणार होतो. एका होमस्टेला फोन केला. खोल्या आहेत म्हणाले, दर सांगितला, किती जण तेही विचारलं. मग 'कार्यक्रम कुठला?' मी सांगितलं. 'आडनाव काय म्हणालात?' तेही सांगितलं. मग कळलं की आमच्याकडे फक्त शाकाहारी फॅमिली चालते. आम्ही काय खातो हे त्यांनी विचारलंच नव्हतं. घरात मांस शिजवू नका, आणू नका, हा नियम सगळ्यांना सारखा असेल तर तो पाळता येतो. आडनावावरून ताटात काय असेल ते ठरवणं हा नियम नव्हे.

आडनावाची ही गाळणी ॲपने बंद केली नाही, उलट सोपी केली. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये पाच शहरांतल्या सुमारे ६४०० एअरबीएनबी यजमानांना काल्पनिक पाहुण्यांच्या नावाने विचारणा पाठवली. सगळं सारखं, फक्त नाव वेगळं. काळ्या समाजात प्रचलित नाव असेल तर होकार मिळण्याची शक्यता १६ टक्क्यांनी कमी झाली. मिसेस मर्फीच्या खिडकीमुळे लहान घरमालकांवर त्या कायद्याने फारसं काही करता येईना, तेव्हा लोकांनी समाजमाध्यमांवर आवाज उठवला. २०१६ मध्ये कंपनीने भेदभावविरोधी धोरण आणलं, २०१८ मध्ये बुकिंग पक्कं होण्याआधी पाहुण्याचा फोटो यजमानाला दाखवणं बंद करायचं ठरवलं. ओरेगॉन राज्यात तर एका खटल्यातल्या तडजोडीनंतर २०२२ मध्ये आधी नावाऐवजी फक्त आद्याक्षर दाखवायला सुरुवात झाली.

आपल्याकडे फोटोने काही कळत नाही, आडनावाने सगळं कळतं. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांबाबत असाच अभ्यास केला होता. त्यातही दलित आणि मुस्लिम नावांना सवर्ण नावांपेक्षा स्पष्टपणे जास्त नकार मिळाले. तो अभ्यास महिन्याच्या भाड्याचा होता, रात्रीच्या नव्हे, पण मालक तेच आणि शहरंही तीच. मग बुकिंग पक्कं होईपर्यंत आडनाव लपवणं भारतात का नको? पैसे भरल्यावर ओळखपत्र दाखवायला कुणाचीच ना नाही.

एक मोठी त्रुटी मान्य करायला हवी. १९५५ चा कायदा अस्पृश्यतेपुरता आहे. मुस्लिम प्रवाशाला धर्मावरून खोली नाकारली तर कलम १५ चं तत्त्व त्याच्या बाजूने आहे, पण हाताशी तसा फौजदारी कायदा नाही. आपली लढाई आपल्यापुरती ठेवायची नसेल, तर सर्व प्रकारच्या भेदभावाविरुद्धच्या कायद्याची मागणी आपणही करायला हवी. आणि १९३० मध्ये बाबासाहेबांनी पाच वर्षांपर्यंत कैद मागितली होती, तिथे आजच्या कायद्यात एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड आहे. पाचशे रुपयांत आज कोकणात सीझनला खोलीसुद्धा मिळत नाही.

तरीही हा कायदा वाटतो त्याहून जास्त कामाचा आहे. कलम १२ बघा : तक्रारदार अनुसूचित जातीचा असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच केलं असं न्यायालय गृहीत धरतं, तसं नव्हतं हे सिद्ध करण्याचं ओझं आरोपीवर. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, त्यामुळे 'तुम्ही तर बौद्ध, तुम्हाला हे लागू नाही' असं ठाण्यात कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. गुन्हा दखलपात्र आहे आणि त्यात आपसात मिटवामिटवी चालत नाही. तपासात जाणूनबुजून कुचराई करणारा सरकारी नोकर चिथावणीचा दोषी धरला जातो. कलम ६ खाली शिक्षा झाली तर त्या धंद्याचा परवाना रद्द किंवा निलंबित करण्याचा आदेश कलम ८ प्रमाणे न्यायालय देऊ शकतं. होमस्टेची नोंदणी म्हणजे परवाना नव्हे, असा वाद वकील घालतील. घालू देत, तो वाद कोर्टात व्हायलाच हवा. शिवाय २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही दुकान आणि सार्वजनिक जागेत प्रवेश रोखणं हा गुन्हा आहे.

अडचण पुराव्याची येते. 'फुल्ल आहे' हे वाक्य फोनवर बोललं जातं आणि हवेत विरतं. म्हणून चौकशी शक्यतो ॲपवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून करा. तारीख, खोल्या, दर यांचा होकार आधी लेखी येऊ द्या. आडनाव कळल्यावर नकार आला तर स्क्रीनशॉट काढा आणि त्याच तारखेला त्याच खोल्या अजून रिकाम्या दिसतात का, तेही लगेच टिपून ठेवा. सवर्ण मित्राने त्याच दिवशी त्याच खोलीसाठी विचारून बघितलं आणि त्याला होकार मिळाला, तर याहून चांगला पुरावा नाही. तक्रारीत कलम ४ आणि ६ चा स्पष्ट उल्लेख करा, जातीचा दाखला जोडा, आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना व एक पर्यटन संचालनालयाला द्या. नोंदणीच्या अर्जावर 'जात, धर्म यावरून कुणालाही नाकारणार नाही' असं हमीपत्र घ्यावं, ही मागणीही त्याच पत्रात करता येईल. २० मार्चला अजून वेळ आहे, महाडच्या आसपासची बुकिंगं मात्र जानेवारीतच सुरू होतात.